फॉर्मवरची मोकळी ओळ

सीटी स्कॅन करायच्या आधी एक फॉर्म भरून घेतात. नाव, वय, वजन, दमा आहे का, शुगर आहे का, पूर्वी कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी आली होती का. त्यात खाली एक ओळ असते, ‘पूर्वीचे आजार व व्यसने’. एप्रिलच्या शेवटी मी ती ओळ मोकळी सोडली. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म बघून विचारलं, "काका, काही व्यसन?" मी म्हणालो, "सुपारीसुद्धा खात नाही."

सुपारी खरंच खात नव्हतो. पण त्याच दिवशी पहाटे साडेपाचला विहिरीवरच्या मोटरघरात उभ्याउभ्या नाईंटी मारून मी तिथं आलो होतो. चार तास पोट रिकामं ठेवा असं बजावलं होतं, तरी घेतली. घेतल्याशिवाय हात थरथरायचे थांबत नव्हते आणि थरथरणारे हात कुणी बघू नयेत एवढीच मला काळजी होती. गावापासून लांबचं सेंटर निवडलं तेही त्याचसाठी. ओळखीचं कुणी भेटू नये.

तासगाव तालुक्यात माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. वय 47. आधी सौदा झाला की घ्यायचो, मग बेदाण्याच्या शेडवर रात्री थांबायचो तेव्हा, मग एका वर्षी डावणी या बुरशीच्या रोगानं बाग गेली तेव्हापासून रोज. चौदा वर्षं. डावणी काय, ती सगळ्यांच्याच बागेवर येते, सगळे पीत नाहीत. शेवटची काही वर्षं रोज दोन क्वार्टर. बाटलीवर 42.8 टक्के छापलेलं असतं. 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे माझ्या पोटात रोज 120 ग्रॅम. फवारणीचं औषध लिटरला किती टाकायचं ते मी झोपेत सांगीन, पण हा हिशोब पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवला तेव्हा पहिल्यांदा केला.

त्रास सुरू झाला खरड छाटणीच्या दिवसांत. पोट गच्च वाटायचं, पॅन्टचा हुक लागेना. संध्याकाळी पाय सुजायचे, नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. उजव्या बरगडीखाली दुखायचं. छातीवर आणि खांद्यावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, त्या मी उन्हावर ढकलल्या. गावातल्या डॉक्टरांना सांगितलं, गॅस होतोय. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली. लिव्हर खडबडीत आहे, पोटात थोडं पाणी आहे असं आलं. त्यांनी सरळ विचारलं, "पाटील, दारू?" मी म्हटलं, "सणासुदीला, पाहुणे आले तर." त्यांनी चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ लिहून सीटीला पाठवलं. माझ्याकडून जेवढं कळलं तेवढंच त्यांनी लिहिलं.

त्या पहिल्या स्कॅनमध्ये मला श्वास धरून ठेवता आला नाही. दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा मधेच सुटला. रिपोर्ट संध्याकाळी हातात पडला. त्यात लिहिलं होतं की लिव्हरच्या कडा ओबडधोबड आहेत, पोटात पाणी आहे, आणि उजव्या भागात 1.8 सेंटीमीटरची एक गाठ दिसते. चित्र हलल्यामुळे आणि एकाच टप्प्यात काढल्यामुळे ती कसली आहे हे सांगता येत नाही, ट्रिपल फेज सीटी, म्हणजे शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत काढायची सीटी, करून घ्यावी. साडेपाच हजार रुपये भरून मी घरी एक प्रश्न घेऊन आलो. त्याचा दोष मी त्या सेंटरला देत नाही. पोटदुखीचा पेशंट म्हणून गेलो, पोटदुखीची सीटी काढून आलो. लिव्हरचा पेशंट आहे, दारूचा पेशंट आहे असं कळलं असतं तर त्यांनी तपासणीच वेगळी केली असती.

गाठ हा शब्द वाचला आणि त्याच रात्री बाटली बांधावर ओतून टाकली. मनात आलं, आता सुटली. दुसऱ्या रात्री अंगाला दरदरून घाम सुटला, हात असे हलायला लागले की तांब्या धरता येईना. भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललीय असं मी बायकोला दाखवत होतो. भिंतीवर काहीच नव्हतं. धाकट्या भावानं पहाटे तीनला गाडीत घातलं आणि मिरज गाठलं.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, दारू घेता का. त्या अवस्थेतही माझ्या तोंडून आलं, "कधीतरी." बायको माझ्या उशाशी उभी होती. ती म्हणाली, "रोज दोन क्वार्टर, साहेब. चौदा वर्षं झाली. शेवटची परवा संध्याकाळी सातला." डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता तिचं लिहून घेतलं.

तिला आकडा कसा माहीत, हे मी नंतर विचारलं. मोटरघरामागच्या पोत्यात मी रिकाम्या बाटल्या टाकायचो. पोतं भरलं की भंगारवाल्याला तीच द्यायची, मोजून. आम्ही दोघं या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो आणि सगळा हिशोब तिच्याकडं होता.

अचानक बंद केल्याबद्दल तिथं मला बोलणी बसली, आणि ती बसायलाच हवी होती. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एका रात्रीत सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, त्यात माणूस दगावतो. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. हे जर कुणी बाग राखणारा, शेडवर झोपणारा माझ्यासारखा वाचत असेल तर त्यानं एवढं तरी लक्षात ठेवावं. मला पाच दिवस ठेवून घेतलं. शिरेतून बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि लिव्हरला सोसेल अशी थरथर थांबवणारी गोळी, रोज थोडी थोडी कमी करत.

दुसऱ्या दिवशी पोटविकाराचे मोठे डॉक्टर राउंडला आले. रक्ताचे रिपोर्ट त्यांच्या हातात होते. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारे दोन आकडे, एसजीओटी 148, एसजीपीटी 56. ते म्हणाले, "फॅटी लिव्हर साधा असला की बहुतेक वेळा एसजीपीटी वर असतो. इथं उलटं आहे, आणि दुपटीपेक्षा जास्त. दारूनं असं होतं." लिव्हरचाच आणखी एक आकडा, जीजीटी, 410. लाल पेशींचा आकार वाढलेला. प्लेटलेट 92 हजार. बिलिरुबिन 2.7, अल्ब्युमिन 2.9. पोटात सुई घालून थोडं पाणी काढून तपासलं, गवती रंगाचं होतं, त्यात जंतू नव्हते. कावीळ बी आणि सी दोन्ही नाहीत हेही बघितलं, कारण त्यांनीही लिव्हर असंच होतं. या सगळ्याची बेरीज करून त्यांनी ‘चाइल्ड-प्यू बी’ अशी लिव्हरची प्रत लिहिली. ए म्हणजे अजून सावरलेलं, सी म्हणजे फार पुढं गेलेलं, मी मधे.

मी विचारलं, एवढं सगळं कळलं तर परत सीटी कशाला? पैशांचा विचार होताच. त्यांनी नीट उत्तर दिलं आणि ते मला अजून पाठ आहे. सोनोग्राफीत लिव्हर खराब आहे एवढं कळलं. लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन हा सोपा उपाय, पण पोटात पाणी असलं की त्याचा आकडा भरवशाचा राहत नाही. सीटी हवी ती तीन गोष्टींसाठी. गाठ कसली आहे, लिव्हरकडं येणाऱ्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी आहे का, आणि अडलेल्या रक्तानं दुसऱ्या कुठल्या वाटा काढल्यात. मग म्हणाले, "सीटी मला काय झालंय ते सांगेल. कशामुळं झालंय ते सांगणार नाही. दारूनं खराब झालेलं लिव्हर आणि शुगरनं, लठ्ठपणानं खराब झालेलं लिव्हर फिल्मवर सारखंच दिसू शकतं. ते तुमच्या घरच्यांनी सांगितलं म्हणून आम्ही पुढं जाऊ शकलो."

मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारं क्रिएटिनिन बघितलं, कारण सीटीच्या वेळी शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध तिथूनच बाहेर पडतं. ते 1.0 होतं. चौथ्या दिवशी सकाळी खाली नेलं. फॉर्म बायकोनं भरला.

या वेळी मी शुद्धीत होतो, म्हणून सगळं लक्षात आहे. खोली थंडगार. पांढरी मोठी गोल चकती आणि तिच्या मधून आतबाहेर सरकणारा पलंग. हात डोक्यावर घ्यायचे. कोपरात हिरवी सुई आणि तिला जोडलेली नळी, नळीच्या टोकाला यंत्र, कारण ते औषध हातानं नाही, यंत्रानं सेकंदाला तीन-चार मिली या वेगानं ढकलतात. टेक्निशियन मुलगा सांगलीकडचाच होता. म्हणाला, "मशीन इंग्रजीत बोलतंय, पण मी मराठीत सांगणार. घशात गरम होईल, तोंडाला लोखंडासारखी चव येईल आणि लघवी झाली असं वाटेल. झालेली नसते. हलू नका." अगदी तसंच झालं. घशापासून ऊब उतरत ओटीपोटापर्यंत गेली, मी घाबरलो असतो पण त्यानं आधी सांगितलेलं होतं.

चार वेळा पलंग सरकला. पहिल्यांदा औषधाशिवाय, मग औषध गेल्यावर साधारण पस्तीस सेकंदांनी, मग सत्तर सेकंदांनी, मग तीन मिनिटांनी. प्रत्येक वेळी श्वास घ्या, रोखा, सोडा. रोखून धरायचे ते दहा सेकंदसुद्धा नसतील. पहिल्या सेंटरवर माझ्याच्यानं तेवढंही झालं नव्हतं. काचेपलीकडून त्याचा आवाज आला, "छान, असंच," आणि मला त्या एका शब्दाचं केवढं बरं वाटलं.

हे टप्पे कशासाठी ते रेडिओलॉजीच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. लिव्हरला दोन नळ आहेत, एक रोहिणीचा आणि दुसरा आतड्याकडून येणाऱ्या शिरेचा. निरोगी लिव्हर तीन चतुर्थांश रक्त या दुसऱ्या नळातून घेतं. कॅन्सरची गाठ मात्र रोहिणीवर जगते. म्हणून औषध रोहिणीतून येतं तेव्हा ती आधी उजळते आणि बाकीचं लिव्हर उजळेपर्यंत फिकी पडते. एकाच क्षणाचं चित्र काढलं तर हे उजळणं आणि विझणं निसटतं.

मॅडमनी मला खुर्ची दिली आणि पडदा माझ्याकडं वळवला. बऱ्याच ठिकाणी पेशंटला हे बघायला मिळत नाही. मी त्यांचा आभारी आहे, कारण रिपोर्टचे शब्द वाचून जे माझ्यात शिरलं नव्हतं ते तिथं शिरलं. आधी त्यांनी औषधाशिवायचं चित्र लावलं. लिव्हरवर एक छोटं वर्तुळ ओढलं, बाजूला आकडा आला, 38. मग पाणथरीवर, म्हणजे प्लीहेवर ओढलं, 50. मी विचारलं, हे कसले आकडे? म्हणाल्या, पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे हजार, त्या मापात शरीरातला प्रत्येक भाग बसतो. हाउन्सफील्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हे यंत्र उभं केलं, 1971 साली लंडनला पहिल्या पेशंटच्या मेंदूचं चित्र काढलं, 1979 साली त्याला कॉरमॅक नावाच्या शास्त्रज्ञाबरोबर नोबेल मिळालं, आणि हे माप त्याच्याच नावानं आहे. चांगल्या लिव्हरचा आकडा 55 ते 65 असतो, पाणथरीपेक्षा आठ-दहा जास्त. चरबी साठली की खाली येतो. माझा पाणथरीच्या बारा खाली होता. आम्ही द्राक्षमण्याचा रस मापकावर टाकून ब्रिक्स, म्हणजे साखर बघतो आणि आकडा कमी आला तर बाग तोडत नाही, व्यापारी कितीही गोड बोलला तरी. आकड्याशी वाद घालता येत नाही हे मला माहीत होतं.

मग कड दाखवली. लिव्हरची कड गुळगुळीत, रेघ ओढल्यासारखी हवी. माझी सीताफळाच्या सालीसारखी होती, उंचवटे आणि मधे खाचा. उजवा भाग आक्रसलेला, मागचा एक छोटा भाग त्याची भरपाई करायला फुगलेला. भोवती करड्या रंगाची पट्टी, ते पाणी. पाणथरी साडेपंधरा सेंटीमीटर, कारण लिव्हरमधून रक्त पुढं जात नाही ते मागं तुंबतं, आणि मोठी झालेली पाणथरी प्लेटलेट अडवून ठेवते. 92 हजाराचं उत्तर तिथं होतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गांडुळांसारखी वळवळ दिसली. त्या फुगलेल्या शिरा. फुटल्या तर रक्ताची उलटी.

आणि एक शीर. लिव्हरपासून निघून बेंबीकडं जाणारी, औषधानं पांढरी झालेली. मॅडम म्हणाल्या, "आईच्या पोटात असताना नाळेतून रक्त याच बाजूनं लिव्हरकडं यायचं. जन्मानंतर ती वाट बंद होते. तिच्या शेजारच्या बारीक शिरा रक्त तुंबलं की परत उघडतात." मी त्या शिरेकडं बराच वेळ बघत राहिलो. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसायच्या आधी मी वेलदोडा चघळून जायचो, वास येऊ नये म्हणून.

गाठीचं राहिलंच. ती कुठल्याच टप्प्यात वेगळी उजळली नाही, वेगळी विझली नाही. खराब लिव्हर स्वतःला दुरुस्त करायला बघतं तेव्हा असे गोळे तयार होतात, हा त्यातलाच मोठा असावा, पण नजर ठेवायची. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं अल्फा फीटोप्रोटीनही नॉर्मल आलं. मोठ्या शिरेत गुठळी नव्हती. बाहेर येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, चौदा वर्षांचं एकदम.

पुढचं थोडक्यात सांगतो. शिरा सीटीत दिसल्या तरी किती धोक्याच्या आहेत ते दुर्बिणीतूनच कळतं, म्हणून एंडोस्कोपी झाली, रबराच्या दोन रिंगा बसवल्या. पाण्यासाठी लघवीची गोळी, मीठ कमी, लोणचं-पापड बंद. उपास बंद. उलट रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खाऊनच झोपायचं, हे मला नवीन होतं. भावकीतल्या एकानं ‘चहातून गुपचूप द्यायची’ पुडी आणून दिली, दारू सुटते म्हणून. डॉक्टरांना दाखवली तर ते चिडले. अशा पुड्यांत काय असतं कुणाला ठाऊक, आणि दारू सोडवायची जी नेहमीची गोळी आहे, डायसल्फिराम, ती अशा लिव्हरला सोसत नाही. मला त्यांनी दारूची ओढ कमी करणारी बॅक्लोफेन दिली, आणि पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची वाट दाखवली. 1986 पासून, डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेलं. तिथं समुपदेशन करणाऱ्यांत स्वतः त्यातून बाहेर आलेली माणसं आहेत. त्यांच्यासमोर "कधीतरी" म्हणायची सोयच नव्हती.

परत आल्यावर शेडवरचे दोघं मित्र भेटायला आले. एक म्हणाला, मीही सीटी काढून बघतो, चांगली आली तर थोडी थोडी चालू ठेवायला हरकत नाही. त्याला मी रात्री अकरापर्यंत बसवून घेतलं. थोड्याशा चरबीचा टप्पा, सूज, सुरुवातीचे व्रण, यातलं कितीतरी सीटीत दिसतच नाही. चित्र बिघडतं तोवर आत पुष्कळ बिघडलेलं असतं. चांगली सीटी म्हणजे पिण्याचा परवाना नव्हे. शिवाय चार टप्प्यांचे क्ष-किरण हौसेनं घ्यायची गोष्ट नाही. डॉक्टरांकडं जा, खरं सांग, साध्या रक्ततपासणीनं आणि सोनोग्राफीनं सुरुवात कर. तो गेला की नाही ते अजून सांगत नाही. मी दर आठवड्याला विचारतो.

तीन महिन्यांनी सोनोग्राफी झाली, पाणी जवळजवळ गेलेलं. नोव्हेंबरात, ऑक्टोबर छाटणी उरकून बाग फुलोऱ्यात असताना, परत सीटी. तोच मुलगा, तीच ऊब, तीच लोखंडाची चव. गाठ तेवढीच, 1.8. कड तशीच ओबडधोबड, ती आता गुळगुळीत होणार नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. बेंबीकडची शीर उघडीच. पण वर्तुळ ओढलं तेव्हा लिव्हरचा आकडा 53 आला आणि पाणथरीचा 49. चरबी गेली होती. मॅडमनी मला विचारलं, फोटो काढायचाय का? मी मोबाइल काढला आणि त्या वर्तुळाचा, त्या आकड्याचा फोटो काढला.

त्या दिवशी फॉर्म मी भरला. बायको शेजारी होती, तिनं हात पुढं केला होता, पण मीच घेतला. त्या ओळीवर जागा कमी असते, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: दारू, 14 वर्षे, रोज 360 मिली. 1 मेपासून बंद. काउंटरवरच्या मुलानं वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, "काका, आत चप्पल काढून जा."